मराठी वेबपानामागची मानके

वेबपानात दोन गोष्टी असतात: मजकूर आणि त्या मजकुराविषयीच्या खुणा. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, असे सांगणाऱ्या खुणांना मार्कअप म्हणतात. वेबवरच्या मार्कअपची रूढ भाषा म्हणजे एचटीएमएल. मुंबईच्या विक्रोळी उपनगरात बसून कुणी टाकलेली खूण जगातल्या प्रत्येक ब्राउझरने त्याच अर्थाने वाचावी, यासाठी लिहून ठेवलेले करार म्हणजे वेब मानके. खूण वस्तू काय आहे ते सांगते. ती कशी दिसावी हे वेगळ्या भाषेत, सीएसएसमध्ये, सांगायचे असते. असणे आणि दिसणे यांची ही फारकत मानकांच्या मुळाशी आहे. नव्या डेव्हलपरला तिचे महत्त्व सर्वांत लवकर कळते ते मराठी पान घडवताना, कारण इंग्रजी पानात झाकून जाणारी ढिलाई देवनागरीत लगेच उघडी पडते.

खुणा टाकण्याची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. दस्तऐवजांना खुणा लावण्याची एसजीएमएल ही पद्धत १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि एचटीएमएलसाठी एसजीएमएलच्या धर्तीवरचे थोडेसे टॅग घेतले. १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम, म्हणजे डब्ल्यूथ्रीसी, स्थापन झाले. सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरात आली, कडक नियमांची एक्सएमएल ही मार्कअप भाषा १९९८ मध्ये. पुढे डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएलला एक्सएमएलच्या काटेकोर शिस्तीत बसवायचे ठरवले. ते ब्राउझर बनवणाऱ्यांना पटले नाही. अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा वेगळा गट उभा राहिला. एचटीएमएल-५ ला डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत मान्यता मिळाली ती २०१४ मध्ये. दोन्ही संस्थांचा २०१९ मध्ये समझोता झाला आणि तेव्हापासून एचटीएमएलचे एकच मानक आहे, आवृत्तीचा आकडा नसलेले आणि सतत सुधारत जाणारे. म्हणून ‘एचटीएमएल-६ कधी येणार’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न आता उरलेला नाही.

शिकणाऱ्याची दिशाभूल करणारी एक गोष्ट या मानकातच आहे. एचटीएमएल चूक पोटात घालते. टॅग बंद करायचा राहिला, कोष्टकात परिच्छेद भलत्या जागी पडला, तरी ब्राउझर पान दाखवतोच. चुकलेल्या खुणांचे काय करायचे याचेही नियम मानकात बारकाईने लिहिलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर वेबवरची कोट्यवधी जुनी पाने आज उघडली नसती. एक्सएमएलचे तसे नाही, तिथे एक खूण चुकली की वाचन तिथेच थांबते. पण या क्षमाशीलतेमुळे नवशिक्याचा समज होतो की दिसले म्हणजे झाले. त्यात बरेचसे क्लास एखाद्या फ्रेमवर्कपासूनच सुरुवात करतात. विद्यार्थी चार महिन्यांत दिसायला देखणे पान उभे करतो, पण त्यातले शीर्षक खरोखर शीर्षक आहे की नुसता मोठ्या टाइपातला मजकूर, हे त्याला सांगता येत नाही. मार्कअप तपासून देणारी डब्ल्यूथ्रीसीची साधने फुकट आहेत. पहिल्या दिवसापासून ती वापरली तर हा समज टिकत नाही.

असणे आणि दिसणे यांतला फरक मराठीत अक्षरापासूनच सुरू होतो, आणि त्याचा इतिहास विक्रोळीशी जोडलेला आहे. विक्रोळीत विस्तीर्ण वसाहत आणि कारखाने असलेल्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. या कंपनीचे मराठी टाइपरायटर पुढे सरकारी कचेऱ्यांत, कोर्टाबाहेरच्या टंकलेखकांच्या टेबलांवर आणि टायपिंगच्या क्लासांत वर्षानुवर्षे वाजत राहिले. २००९ च्या सुमारास उत्पादन थांबले. मर्यादित कळांत देवनागरी बसवण्यासाठी या यंत्राने एक युक्ती वापरली होती: अक्षराचे तुकडे करायचे. अर्धा ‘ण’ एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही मिळून पूर्ण ‘ण’. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी उमटते म्हणून ती आधी दाबायची. काही मात्रांच्या कळा अशा की त्या दाबल्यावर गाडा पुढे सरकतच नाही. यंत्राला भाषेशी कर्तव्य नव्हते, कागदावर नीट आकार उमटला की त्याचे काम झाले. कागदासाठी तेवढे पुरेसेही होते.

संगणकावर मराठी आली तेव्हा बहुतेक फॉन्टांनी हीच पद्धत उचलली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळच असे. नव्वदच्या दशकाअखेरीची मराठी संकेतस्थळे अशीच चालत. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला की पानभर अगम्य इंग्रजी चिन्हे दिसत. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात नेता येत नसे, शोधयंत्राला तो सापडत नसे, आणि अंध वाचकाला तो ऐकवणे तर अशक्यच होते. आजही छपाईसाठी जुन्या फॉन्टांत लावलेला मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा चिकटवला की हीच अडचण पुन्हा उभी राहते.

तोडगा भारतातच तयार होत होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आणि भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये आली. तिच्यात संकेत आकाराला नव्हे, वर्णाला दिला होता. जगातल्या लिप्यांना संकेत देणाऱ्या युनिकोड या मानकातला देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला आहे. ‘विक्रोळी’ हा शब्द युनिकोडमध्ये कसा साठतो ते पाहण्यासारखे आहे: व, ऱ्हस्व वेलांटी, क, हलन्ताचे चिन्ह, र, ओकार, ळ, दीर्घ वेलांटी. एकूण आठ संकेत. ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या नंतर आहे, कारण उच्चारात ती नंतर येते, पडद्यावर तिला अलीकडे नेणे हे फॉन्टाचे आणि अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचे काम. ‘क्रो’मधला जोड कसा काढायचा हेही तीच प्रणाली ठरवते. वेबवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा, म्हणजे ‘विक्रोळी’ चोवीस बाइटांची झाली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र अक्षरे तीनच दिसतात: वि, क्रो, ळी.

तीन, आठ आणि चोवीस हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि कुठला कधी घ्यायचा हे डेव्हलपरला कळायला हवे. अर्जातल्या नावाच्या रकान्याला कमाल लांबीची मर्यादा घातली तर ब्राउझर आठ मोजतो. इंग्रजी नावांकडे पाहून घातलेली वीसची मर्यादा लांब मराठी पूर्ण नावाला अपुरी पडते आणि शेवटची वेलांटी गळून जाते. डेटाबेसने बाइट मोजले तर अडचण तिप्पट होते. मजकूर मध्येच तोडायचा असेल तर तो वाचकाच्या अक्षरावर तुटायला हवा; ‘क्’ एकीकडे आणि ‘रो’ दुसरीकडे असे होता कामा नये. गंमत म्हणजे युनिकोडच्या मूळ नियमाप्रमाणे इथे तुकडा पडत असे. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरावीत हा नियम सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत आला. मानकेही उशिरा शिकतात.

संकेत नेमके असले तरी मराठीत दोन जागी अजून सावध राहावे लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळे शब्द आहेत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘र’ आडवा. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा एक जोडसंकेत लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या प्रोग्रामला मात्र वेगळे. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी ‘अ’ आणि चंद्र जोडून ते लिहिले जाई, आणि ती सवय अजून गेलेली नाही. मराठी शोधाची सोय करणाऱ्याने मजकूर साठवण्याआधीच ही रूपे एकसारखी करून घ्यावीत. युनिकोडचे ठरलेले एकरूपीकरण हे काम आपोआप करत नाही.

पानाच्या माथ्यावर दोन घोषणा हव्यातच. पहिली, मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे ही. दुसरी, पानाची भाषा. एचटीएमएलमध्ये भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म जानेवारी १९९७ च्या एका इंटरनेट मानकाने आणला. त्याच दस्तऐवजाने जगातल्या सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरसंच एचटीएमएलला दिला. मराठीसाठी या गुणधर्माचे मूल्य ‘एमआर’. तयार नमुन्यावरून केलेल्या पानांत तिथे इंग्रजीचे ‘ईएन’ तसेच राहून जाते, आणि मजकूर मराठी असूनही पान स्वतःला इंग्रजी म्हणवते.

ही दोन अक्षरांची खूण बरेच काही ठरवते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण आहेत. हिंदीत रूढ असलेली वळणे वेगळी. संकेत मात्र दोन्ही भाषांना एकच. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात आणि पानाने भाषा मराठी सांगितली असेल तर मराठी वळण निवडले जाते. म्हणजे मराठी ‘ल’ कसा दिसावा याचा निर्णय शेवटी मार्कअपमध्ये होतो. पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे पडदावाचक प्रोग्रामही कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे ते याच खुणेवरून ठरवतात. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक मराठी वाचू शकतो. खूण चुकली की मराठी वाक्य परक्या उच्चारांत ऐकू येते किंवा पार गोंधळून जाते. मराठी पानात मध्येच इंग्रजी उतारा असेल तर तेवढ्या भागाला वेगळी खूण लावावी, मानकात तशी सोय आहे.

फॉन्टाच्या बाबतीत मुंबईची कामगिरी मोठी आहे. विक्रोळीच्या शेजारी पवईला आयआयटीतल्या औद्योगिक संकल्पन केंद्रात शिकवणारे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट रेखाटला. तो विंडोज २००० बरोबर आला आणि लाखो लोकांनी संगणकावरची मराठी प्रथम त्यातच वाचली. आयआयटी मुंबईत घडलेला ‘शोभिका’ आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे आज कुणालाही विनामूल्य वापरता येतात. वेबवर फॉन्ट पानाबरोबरच पाठवता येतो, त्यामुळे वाचकाच्या यंत्रात तो असण्याची गरज राहिलेली नाही.

आता पानाचा सांगाडा. एच१ ते एच६ या शीर्षकांच्या खुणा अक्षराच्या आकारासाठी नसून मजकुराची उतरंड सांगण्यासाठी आहेत. पडदावाचक वापरणारी व्यक्ती एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारत पान चाळते. ठळक, मोठा, पण खूण नसलेला मजकूर तिच्यासाठी शीर्षक नसतोच. बटणाचेही तसेच. साध्या चौकटीला रंग देऊन तिच्यावर क्लिक बसवले की ते बटणासारखे दिसते, पण कीबोर्डने तिथे पोचता येत नाही आणि पडदावाचक त्याला बटण म्हणत नाही. एचटीएमएलमधल्या खऱ्या बटणात हे सारे मुळातच असते. फ्रेमवर्क शिकलेले कितीतरी लोक ते फुकट मिळणारे वर्तन टाकून देतात आणि मग वीस ओळी लिहून अर्धवट परत मिळवतात. यात कष्टही जातात आणि वाचकही दुरावतो.

अर्जाचा एक रकाना तपशिलात पाहू. विक्रोळी पूर्वेचा पिनकोड ४०००८३. तो घेण्यासाठी नवशिका संख्येचा रकाना निवडतो, कारण पिनकोडात आकडे असतात. पण पिनकोड ही संख्या नव्हे, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. संख्येच्या रकान्यात वर-खाली करणारे बाण येतात आणि हातून आकडा नकळत बदलू शकतो. केवळ आकड्यांचे असले तरी जे संख्या नाही, त्यासाठी हा रकाना वापरू नये असे एचटीएमएल मानकातच लिहिले आहे. योग्य पद्धत अशी: मजकुराचा रकाना घ्यावा, मोबाइलवर आकड्यांचा कळफलक उघडावा अशी सूचना त्याला द्यावी आणि सहा आकड्यांची अट घालावी. इथे मराठी वापरणाऱ्यासाठी आणखी एक पायरी लागते. देवनागरी कळफलकावरून आलेले आकडे इंग्रजी आकड्यांसाठी लिहिलेल्या अटीत बसत नाहीत. बरोबर पिनकोड लिहूनही अर्ज ‘चुकीची माहिती’ म्हणून परत येतो, आणि का ते अर्जदाराला कळत नाही. दोन्ही प्रकारचे आकडे स्वीकारून साठवताना एक रूप करणे हे चार ओळींचे काम आहे. रकान्याचे नाव त्याच्याशी लेबलच्या खुणेने बांधलेले असावे. नुसते शेजारी लिहिलेले नाव डोळ्यांना पुरते, पण पडदावाचकाला ते कुठल्या रकान्याचे हे समजत नाही.

सीएसएसमध्ये देवनागरीची स्वतःची मागणी आहे. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी ठरवलेली ओळींमधली जागा मराठीला कमी पडते, कारण वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांना वाव लागतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, म्हणून ती सजावट मराठी शीर्षकांना लावू नये. तिरपा टाइप देवनागरीच्या परंपरेत नाही. फॉन्टात तो नसला की ब्राउझर अक्षरे नुसती कलती करतो आणि ती वाईट दिसतात. भर दाखवण्यासाठी मार्कअपमध्ये जोर देण्याची खूण ठेवावी आणि सीएसएसमधून मराठीपुरते तिचे रूप ठळक करावे. पहिले अक्षर मोठे करून सजवायचे तर ‘क्रांती’तले ‘क्रां’ पूर्ण उचलले जायला हवे. ते प्रत्येक ब्राउझरमध्ये तपासून पाहावे.

याद्या लावताना पुन्हा तोच प्रश्न येतो. संकेतांच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर. साध्या क्रमवारीत ‘काल, काळ, कावळा’ अशी रांग लागते. शब्दकोशात ती ‘काल, कावळा, काळ’ अशी असते. जावास्क्रिप्टमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची सोय २०१२ च्या मानकापासून आहे. संख्याही त्याच सोयीने देवनागरी आकड्यांत आणि लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह छापता येतात. हे हाताने लिहीत बसू नये.

पान सर्वांना वापरता यावे यासाठी डब्ल्यूथ्रीसीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा हक्काचा विषय बनवला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी राहू शकत नाहीत, त्यांतला किमान भाग बंधनकारक करावा लागेल. एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोच ही जगण्याच्या हक्काचा भाग मानली गेली. यापुढे सुगम्यता न शिकता या व्यवसायात पडणे शहाणपणाचे नाही.

मानके मुळातून वाचता येतात आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. ती जाडजूड आहेत आणि बराचसा भाग ब्राउझर बनवणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, म्हणून सलग वाचण्याची गरज नाही. मोझिलाच्या एमडीएन या संदर्भकोशात टॅगची माहिती पाहावी, तिथून मानकातल्या त्याच कलमावर जावे, आणि ‘हा टॅग कशासाठी’ सांगणारे सुरुवातीचे परिच्छेद आधी वाचावेत. एका वेळी एक टॅग असे सहा महिने केले तर पाया पक्का होतो.

मानकांत सुधारणा सुचवणेही खुले आहे. भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा आणि ब्राउझर देवनागरीत कुठे कमी पडतात याची नोंद, असे दोन्ही दस्तऐवज डब्ल्यूथ्रीसीकडे जाहीरपणे आहेत, आणि त्यांवर कुणीही लिहू शकतो. त्यांत मराठीची बाजू मराठी माणसांनीच मांडावी लागेल. आडवा र, पाकळीचा ल, ‘ळ’ची जागा या गोष्टी हिंदीच्या उदाहरणांतून कळणाऱ्या नाहीत. नोंद करताना दोष दाखवणारे लहानात लहान पान, नेमका मराठी शब्द, ब्राउझर व फॉन्टाचे नाव आणि अपेक्षित रूपाचे चित्र जोडावे. एवढे असले की ब्राउझरच्या इंजिनाच्या दुरुस्तीबरोबर त्या शब्दाची चाचणीही लिहिली जाते, आणि ब्राउझरच्या पुढच्या आवृत्त्या त्या चाचणीवर तपासल्या जातात.